माळवदाच्या वाड्याचं आणि त्याच्या गल्लीचं डिजिटल मॉडेल कसं करायचं

मराठवाड्यातला माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, वाडा कॅमेऱ्याला निम्माच दिसतो. भिंतीचे दगड, खांबावरची नक्षी, चौकटीवरची गणेशपट्टी हे सगळं फोटोत येतं. पण छतावर मातीचा थर किती जाड आहे, भिंतीच्या पोटात बळद (धान्य साठवायची पोकळी) कुठवर गेलंय, तुळईचं टोक भिंतीत किती आत बसलंय, हे फोटोत येत नाही. वाड्याचा अभ्यास करणाऱ्याला तर नेमकं तेच हवं असतं. म्हणून फोटोंवरून मॉडेल उभारण्याची पद्धत, म्हणजे फोटोग्रामेट्री, आणि टेपनं केलेली मोजणी या दोन्ही इथे सोबतच सांगितल्या आहेत. एकीनं दुसरी तपासायची.

उदाहरणाला एक नेहमीचा वाडा धरू: रस्त्याकडे ढाळज (दारालगतची छताखालची बैठक), आत एक चौक, दोन-तीन अंगांनी ओसरी, मागे माजघर, वर माळवद आणि समोर आठ-दहा फुटांची गल्ली. गढी, वेस, बारव यांनाही हीच पद्धत थोड्या फरकानं चालते.

आधी प्रमाण ठरवा

किती बारकाईनं मोजायचं हे हौसेवर सोडू नका, नकाशाच्या प्रमाणावरून ठरवा. कागदावरची बारीक रेघ साधारण पाव मिलिमीटरची असते. १:५० प्रमाणात ती प्रत्यक्षातल्या साडेबारा मिलिमीटरएवढी होते, म्हणजे वाड्याच्या आराखड्याला सेंटिमीटरभर अचूकता पुरते. खांबाचा तळखडा (खालचा दगड), हस्त (खांबाच्या माथ्यावरचा आधार) किंवा लाकडाचा सांधा १:२० मध्ये काढायचा असेल तर ५ मिलिमीटर लागतात. १:२०० मधल्या गल्लीला ५ सेंटिमीटर चालतात. हे ठरवलं नाही, तर गल्लीसाठी लाखो त्रिकोणांची मेश (पृष्ठभागाची जाळी) तयार होते आणि खांबासाठी काहीच हाती राहत नाही.

नगररचनेच्या मॉडेलमध्ये तपशिलाच्या पायऱ्या सिटीजीएमएल या मानकानं आखून दिल्या आहेत. शून्य पायरी म्हणजे जमिनीवरचा ठसा, पहिली म्हणजे नुसता ठोकळा, दुसरीत छताचा आकार येतो, तिसरीत दारं-खिडक्या. आतल्या खोल्यांसाठी दुसऱ्या आवृत्तीत चौथी पायरी होती, तिसऱ्या आवृत्तीत ती काढून आतला भाग कुठल्याही पायरीत दाखवायची सोय केली. गल्लीतल्या सगळ्या घरांना दुसरी पायरी, समोरच्या दर्शनी भिंतींना तिसरी आणि एका वाड्याला पूर्ण आतला तपशील, अशी वाटणी केली तर काम आटोक्यात राहतं.

परवानगी

वाडा बहुधा एकाच्या मालकीचा नसतो. वाटण्या होऊन चौकात मधोमध भिंत आलेली असते, ढाळज सामाईक असते आणि माळवदावर जाणारा जिना तिसऱ्याच्या हिश्शात असतो. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगवेगळं विचारा. मोजणी म्हटलं की जागेच्या वादाची शंका येणारच, ती रास्तही आहे. म्हणून प्रत्येक नकाशावर पहिल्या दिवसापासून ‘हा वास्तूचा अभ्यास आहे, मालकीचा किंवा हद्दीचा नकाशा नाही’ असं ठळक लिहा आणि तसं तोंडीही सांगा.

वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असेल तर ट्रायपॉड आणि ड्रोन, दोन्हींसाठी आधी लेखी परवानगी लागते. ड्रोनबाबत २०२१ चे नियम लागू आहेत. डिजिटल स्काय पोर्टलवरच्या नकाशात हिरवा, पिवळा, लाल असे विभाग दाखवले आहेत, ते उड्डाणाच्या दिवशी पुन्हा बघा. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथे विमानतळ आहेत, त्यामुळे गावकुसातल्या वाड्यावरही मर्यादा येऊ शकते. ड्रोन नसला तरी काम अडत नाही. माळवद सपाट असतं, त्यामुळे शेजारच्या उंच घरावरून आणि काठीवरच्या कॅमेऱ्यानं वरचा भाग बराचसा मिळतो.

सोबत काय न्यायचं

३० मीटरची स्टीलची टेप, खिशातली ५ मीटरची टेप, लेझर मीटर, ओळंबा, गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी १५ मीटर, ए-थ्री आकाराचा बोर्ड, पेन्सिल आणि कागदी मास्किंग टेप. कापडी किंवा फायबरची टेप ताणली की लांबते, ती फक्त गल्लीच्या ढोबळ मापाला ठेवा. लेझरचा लाल ठिपका आपल्याकडच्या उन्हात दहा-पंधरा मीटरवर दिसेनासा होतो, तेव्हा पलीकडे पांढरा पुठ्ठा धरायला एक माणूस लागतोच.

फोटोंसाठी सांकेतिक टार्गेट लागतात, म्हणजे सॉफ्टवेअरला आपोआप ओळखता येतात अशी काळी-पांढरी चिन्हं. मेटाशेप या फोटोग्रामेट्रीच्या सॉफ्टवेअरमधून ती थेट छापता येतात; मेशरूम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिलटॅग नावाची चिन्हं चालतात. वीस-पंचवीस टार्गेट मॅट कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवा. चकचकीत कागदावर उजेड चमकतो आणि टार्गेट ओळखलं जात नाही. शिवाय ॲल्युमिनियमच्या तीन सरळ पट्ट्या घ्या आणि प्रत्येकीवर बरोबर १.००० मीटर अंतरावर दोन टार्गेट बसवा. दोन पट्ट्या मॉडेलला माप देण्यासाठी वापरायच्या, तिसरी फक्त तपासण्यासाठी. तिन्ही पट्ट्यांवरून माप दिलं तर चूक पकडायला काहीच उरत नाही.

जुन्या दगडावर, रंगवलेल्या लाकडावर किंवा भित्तिचित्रावर खडू, खिळा, फेव्हिकॉल यांतलं काहीही लावू नका. टार्गेट टेकवून ठेवा किंवा दोऱ्यानं बांधा.

हाताचा नकाशा आणि टेप

कॅमेरा बाहेर काढण्याआधी पूर्ण वाडा पायी फिरून कच्चा नकाशा काढा. प्रत्येक खोलीला नंबर द्या आणि घरातले लोक तिला जे म्हणतात तेच नाव शेजारी लिहा. सलग भिंतीची मापं एका टोकाला शून्य धरून चढत्या क्रमानं घ्या: दाराची कड ०.६२, दाराची दुसरी कड १.५८, कोनाडा २.१०, कोपरा ४.१२. तुकडे तुकडे मोजून बेरीज केली तर दर तुकड्याची चूक साठत जाते.

खोलीचे कर्ण घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. चार बाजूंवरून आकार पक्का होत नाही. समजा बाजू ४.१२, २.९५, ४.०५ आणि ३.०२ मीटर आल्या. बघणाऱ्याला वाटेल की खोली जवळजवळ काटकोनी आहे. एक कर्ण ५.०२ आणि दुसरा ५.१० निघाला, की खोली एका अंगाला सरकलेली आहे हे लगेच कळतं. या चार बाजू आणि पहिला कर्ण यांवरून दुसरा कर्ण गणितानंच ५.१० येतो. प्रत्यक्षातला त्याच्याशी जुळला तर पाचही मापं बरोबर. नाही जुळला तर कुठेतरी टेप चुकीची वाचली गेली आहे. ही तपासणी वाड्यातच करा, घरी गेल्यावर नाही.

उंचीसाठी पुढच्या दाराच्या उंबऱ्यापासून १ मीटर वर एक आधाररेषा धरा आणि पाण्याच्या नळीनं ती सगळ्या खोल्यांत फिरवा. नळीत बुडबुडा राहिला तर रेषा खोटी येते. नळी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका पातळीत येतं का ते बघा आणि मगच लांब न्या. वाचताना दोन्ही टोकं उघडी हवीत आणि पाणी पूर्ण थांबलेलं हवं. पाण्यात थोडं कुंकू टाकलं की अंधाऱ्या माजघरातही पातळी दिसते. जुन्या वाड्यात चौकापासून माजघरापर्यंत जमीन तीन-चार ठिकाणी चढते, आणि जमिनीवरूनच उंची मोजत गेलात तर छेदात छत वाकडं दिसेल.

माळवदाची जाडी मोजायची जागा म्हणजे सानं. उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी छतात ठेवलेलं हे भोक थराचा उघडा छेदच असतो. खालून तुळई, तिच्यावरचे सर (आडवी लाकडं), सरांवरच्या किलच्या (लाकडाच्या चिपा) आणि मग माती, हा क्रम सान्याच्या कडेला दिसतो. किलचीच्या वरच्या बाजूपासून मातीच्या माथ्यापर्यंत चारही अंगांनी माप घ्या. चारही मापं वेगळी येतील, कारण पाणी पन्हाळीकडे जावं म्हणून वरचा माथा उतरता केलेला असतो. माथ्याची पातळी पाण्याच्या नळीनं कठड्याजवळ, मधे आणि पन्हाळीपाशी घेतली की थराचा खरा आकार मिळतो. दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची रीत आहे का, शेवटची कधी टाकली, हेही घरच्यांना विचारून लिहा.

या एका मापाला एवढा वेळ द्यायचं कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदं कोसळून माणसं गाडली गेली. नंतर लातूर-धाराशिवकडची ५२ गावं नव्या जागी वसवली. मातीचं वजन घनमीटरला १६०० किलो धरलं, तर ४५ सेंटिमीटरचा थर एका चौरस मीटरवर ७२० किलो भार टाकतो. ३ गुणिले ४ मीटरच्या खोलीवर हा भार साडेआठ टनांवर जातो. ज्या मॉडेलमध्ये छत म्हणजे सहा इंचांची सपाट पाटी दाखवलेली असते, त्यावरून या घराबद्दल काढलेला प्रत्येक निष्कर्ष चुकीचा असतो.

भिंतीची जाडी प्रत्येक दार-खिडकीच्या बगलेत मोजा, खाली आणि वर दोन्हीकडे. गढीच्या भिंतीला ढाळ असतो, त्यामुळे दोन मापांत फरक येतो.

फोटो

दिवस ढगाळ पण कोरडा निवडा. मे महिन्यात चुन्याची भिंत भगभगते आणि काळा दगड काळाठिक्कर येतो. एकाच फोटोत दोन्ही सांभाळता येत नाहीत. ऊन असेल तर पूर्वेकडे तोंड असलेली भिंत दुपारनंतर घ्या, पश्चिमेकडची सकाळी. भर पावसाळ्यात उजेड छान मऊ असतो, पण भिजलेल्या माळवदावर चार-पाच जणांनी चढणं धोक्याचं, आणि बऱ्याच माळवदांवर तेव्हा ताडपत्री असते.

मोबाइल चालतो. मुख्य लेन्स वापरा, अल्ट्रावाइड नको, झूम नको. एचडीआर, पॅनोरमा, नाइट मोड आणि व्हिडिओ हे चारही बंद. नाइट मोड अनेक चित्रं एकत्र करून एक बनवतो, त्यात कडा सरकतात. फोकस आणि एक्स्पोजर एका भिंतीपुरतं लॉक करा.

अंतराचा हिशेब असा. नेहमीच्या मोबाइलची मुख्य लेन्स २४ मिलिमीटरच्या तोडीची असते, तिच्यात आडव्या फोटोची रुंदी अंतराच्या साधारण १.४४ पट मावते. ३ मीटरवरून सव्वाचार मीटर भिंत येते आणि ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत एक पिक्सेल सुमारे १.१ मिलिमीटरचा होतो. १:५० ला हे भरपूर झालं. गल्लीत अडीच मीटरच अंतर मिळालं तर रुंदी ३.६ मीटर. दोन फोटोंत ८० टक्के भाग सामाईक हवा, म्हणजे दर ७० सेंटिमीटरला एक फोटो, जवळजवळ प्रत्येक पावलाला एक. भिंत ५ मीटर उंच असेल तर तीन ओळी घ्या: डोळ्याच्या उंचीवरून सरळ, आठ फुटी काठीवरून सरळ, आणि खालून तीसेक अंश वर रोखून.

एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. जागा बदलली नाही तर सॉफ्टवेअरला अंतर काढताच येत नाही, कारण दोन वेगळ्या जागांवरून एकच बिंदू दिसला तरच त्याचं अंतर निघतं. म्हणून कॅमेरा नव्हे, तुम्ही हला. कोपऱ्यावर मात्र दर १०-१५ अंशांनी एक फोटो घेत वळसा घाला, नाहीतर दोन भिंती एकमेकींना जोडल्या जात नाहीत.

बाहेरचं आणि आतलं मॉडेल जोडणारा दुवा म्हणजे दार, आणि बहुतेक मॉडेलं इथेच तुटतात. दाराची दोन्ही कवाडं पूर्ण उघडून दोऱ्यानं बांधा, म्हणजे वाऱ्यानं हलणार नाहीत. चौकटीच्या दोन्ही बाजूंना एकेक टार्गेट आणि उंबऱ्यावर एक, असं ठेवा की ते आतूनही दिसेल आणि बाहेरूनही. दोन मीटर बाहेरून सुरुवात करा, दर २५-३० सेंटिमीटरला एक फोटो घेत उंबरा ओलांडा आणि दोन मीटर आतपर्यंत जा. मग वळून तसेच परत बाहेर या. बाहेरचा लख्ख उजेड आणि ढाळजेतला अंधार यांत एक्स्पोजर एकदम उडी मारतं, त्यामुळे इथे लॉक काढून ते हळूहळू बदलू द्या. शक्य असेल तर ही जागा सूर्य उगवायच्या जरा आधी घ्या, तेव्हा आत-बाहेरच्या उजेडात फारसा फरक नसतो.

माजघरासारख्या अंधाऱ्या खोलीत एलईडी दिवे पांढऱ्या कापडातून सोडा आणि एका जागी ठेवा. कॅमेऱ्यासोबत दिवा हलला की प्रत्येक फोटोत सावली वेगळी पडते आणि सॉफ्टवेअर सावलीलाच भिंतीवरची खूण समजतं. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ ८०० च्या खाली. नुकत्याच चुन्यानं पोतारलेल्या कोऱ्या भिंतीवर पकडायला खूणच नसते. तिथे टार्गेट आणि छापील कागद टेकवून ठेवा.

ओसरीचे खांब हा आणखी एक सापळा. सगळे खांब सारखेच दिसतात म्हणून सॉफ्टवेअर दुसऱ्या खांबाचे फोटो तिसऱ्यावर बसवतं, आणि सात खांबांची ओसरी सहा खांबांची होऊन बसते. मॉडेल बघताना हे ध्यानातही येत नाही, इतकं ते सफाईदार दिसतं. प्रत्येक खांबापाशी वेगळ्या नंबरचं टार्गेट ठेवा, आणि कच्च्या नकाशावर खांब मोजून आकडा लिहून ठेवा.

दोरीवरचे कपडे, स्कूटर, बांधलेली शेळी, हलणारी झाडाची फांदी हे फोटो सुरू करण्याआधी बाजूला करा, किंवा नंतर मास्क करून झाका.

संगणकावर

हललेले फोटो आधीच काढून टाका. मग अलाइनमेंट (फोटो एकमेकांशी जुळवणं) करा आणि दाट पॉइंट क्लाउड (बिंदूंचा त्रिमितीय ढग) करण्याआधी थांबा. विरळ क्लाउड सगळ्या बाजूंनी फिरवून बघा: एखादी भिंत दुहेरी दिसते का, खांब पूर्ण आहेत का, गल्ली सरळ आहे का. टार्गेट पक्के करा, दोन पट्ट्यांवरून माप द्या, जास्त चुकीचे बिंदू गाळा आणि कॅमेऱ्यांची मांडणी पुन्हा सोडवून घ्या. रिप्रोजेक्शन एरर (मॉडेलमधला बिंदू फोटोवर परत टाकल्यावर पडणारा फरक) एक पिक्सेलच्या खाली आली म्हणजे मॉडेल बरोबर आहे असं नाही; फोटो आपसांत जुळतात एवढंच त्यातून कळतं.

खरी तपासणी तीन ठिकाणी होते. तिसरी पट्टी मॉडेलमध्ये मोजा, ती ०.९९८ ते १.००२ च्या दरम्यान यायला हवी. मग खोलीचे कर्ण ताडून बघा. शेवटी भिंतीची जाडी: दाराच्या बगलेत टेपनं ८४ सेंटिमीटर आली असेल आणि मॉडेलमध्ये ७१ येत असेल, तर आतलं आणि बाहेरचं मॉडेल एकमेकांत सरकलं आहे. आतून बघितलं तरी ठीक, बाहेरून बघितलं तरी ठीक, चूक दिसते ती फक्त भिंतीच्या जाडीत. उपाय म्हणजे दाराचे फोटो पुन्हा घेणं. मॉडेल ओढून बसवू नका.

लांब गल्लीचं मॉडेल धनुष्यासारखं वाकतं. भिंतीला समांतर एकाच दिशेनं घेतलेल्या फोटोंवरून लेन्सचा बाक नीट निघत नाही, आणि उरलेली चूक पूर्ण लांबीवर पसरते. जाताना एक भिंत, येताना दुसरी, मधे मधे तिरके फोटो, आणि दोन्ही टोकांना व मध्यावर टेपनं मोजलेली टार्गेट अशी व्यवस्था केली की गल्ली सरळ राहते.

मेशरूम मोफत आहे, पण दाट मॉडेलसाठी त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. कार्ड नसेल तर वेबओडीएम वापरा. मेटाशेप विकत घ्यावं लागतं. टार्गेट आणि तपासणीच्या बाबतीत ते सगळ्यात सोयीचं वाटतं. छेद आणि तुलना क्लाउडकंपेअरमध्ये, नकाशे क्यूजीआयएसमध्ये, मॉडेल ब्लेंडर किंवा फ्रीकॅडमध्ये. ही चारही मोफत आहेत.

पृथ्वीवरची जागा

मोबाइलचा जीपीएस उघड्यावर तीन-पाच मीटर चुकतो, गल्लीत त्याहून जास्त. आरटीके यंत्र (सेंटिमीटरभर अचूक जीपीएस) मिळालं तर चौकासारख्या उघड्या जागी चार-पाच बिंदू घ्या. नाही मिळालं तर उपग्रहचित्रावर स्पष्ट दिसणारे भिंतींचे कोपरे वापरा आणि नोंदीत तसं लिहा. मोबाइलच्या होकायंत्रावर उत्तर दिशा ठरवू नका, लोखंडी शटर आणि काळ्या दगडाजवळ ते भलतीकडे वळतं.

मराठवाड्याचा जवळजवळ सगळा भाग यूटीएम या मीटरमधल्या निर्देशांक पद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतो, क्यूजीआयएसमध्ये त्याचा सांकेतिक क्रमांक ईपीएसजी ३२६४३. अपवाद नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा: किनवट ७८ अंश रेखांशाच्या पलीकडे आहे, तिथे ४४ वा पट्टा लागतो.

इथे एक चूक हमखास होते. छत्रपती संभाजीनगरचा यूटीएममधला उत्तरेचा आकडा सुमारे २२ लाख मीटर आहे. ब्लेंडर ३२ बिटांत आकडे साठवतं, आणि एवढ्या मोठ्या आकड्यापाशी त्याची सगळ्यात लहान पायरी २५ सेंटिमीटरची होते. मॉडेल तसंच आत घेतलं तर कडा दातेरी होतात आणि खांब थरथरल्यासारखा दिसतो. म्हणून उंबऱ्याचा एक कोपरा शून्य धरा, तेवढे आकडे सगळीकडून वजा करा आणि वजा केलेला आकडा फाइलसोबत लिहून ठेवा. मोठे आकडे आले की क्लाउडकंपेअर स्वतःच ग्लोबल शिफ्ट सुचवतं, ते स्वीकारा.

क्लाउडपासून मॉडेलपर्यंत

जमिनीपासून १.२ मीटरवर ३ सेंटिमीटर जाडीची चकती कापा. तिच्यावरून आराखडा काढा. उभे छेद चौकातून आणि सान्यातून घ्या, म्हणजे माळवदाचा थर छेदात येतो.

रेषा काटकोनात ओढायचा मोह आवरा. झुकलेली भिंत झुकलेलीच काढा. ती कधी, कुठल्या बाजूला आणि का झुकली, हा अभ्यासाचा विषय असू शकतो. एक खांब नीट करून तो सात ठिकाणी ठेवायला हरकत नाही, पण प्रत्येकाची उंची आणि झोक वेगळा नोंदवा.

तळखडा, खांब, हस्त, तुळई, सर, किलच्या, माती हे सगळे वेगवेगळे घटक ठेवा आणि नावं घरच्यांनी सांगितली तीच द्या. प्रत्येक घटकाला एक खूण जोडा: टेपनं मोजलेला, फोटोंतून आलेला, सारख्यावरून अंदाज केलेला, की सांगण्यावरून काढलेला. चार खुणांना चार रंग द्या. पडलेला मजला उभा करून दाखवायचा असेल तर हे अनिवार्य समजा. सांस्कृतिक वारशाच्या डिजिटल चित्रणासाठी झालेल्या लंडन चार्टरमध्येही, पुरावा कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, ही अट आहे. बळदाची खोली काठी घालून मोजली असेल तर तिचा रंग वेगळा आणि आजोबांच्या सांगण्यावरून काढली असेल तर वेगळा. दोन्ही उपयोगाच्या आहेत, फक्त एकसारख्या रंगात येऊ नयेत.

गल्लीचा अभ्यास

मॉडेल झाल्यावर त्याला प्रश्न विचारता येतात. सोपा आणि फार काही शिकवणारा प्रश्न म्हणजे खोलीची खोलवरता. गल्लीला शून्य द्या आणि दर उंबऱ्याला एक अंक वाढवा: ढाळज १, चौक २, ओसरी ३, माजघर ४, देवघर ५. कोण पाहुणा कुठल्या अंकापर्यंत येतो हे विचारून लिहा, आणि वाटणीनंतर मागचं दार फोडल्यावर हे अंक कसे बदलले ते दुसऱ्या आकृतीत दाखवा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बिल हिलिअर आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या स्पेस सिंटॅक्स पद्धतीचा हा गाभा आहे. गल्ल्यांच्या जाळ्यासाठी डेप्थमॅपएक्स हे मोफत साधन आहे.

गल्लीचा नकाशा काढताना ओटे वगळू नका. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे आलेला ओटा ठोकळ्याच्या मॉडेलमध्ये नाहीसा होतो, आणि बसायची जागा तीच असते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि बाजाराच्या दिवशी कोणत्या ओट्यावर किती माणसं बसली आहेत ते मांडा.

सावलीही मोजता येते. छत्रपती संभाजीनगर २० अंश अक्षांशाजवळ आहे. डिसेंबरच्या अखेरीला तिथे माध्यान्हीचा सूर्य ४६-४७ अंशांवर असतो आणि ६ मीटरच्या भिंतीची सावली साडेपाच मीटरवर पडते. पूर्व-पश्चिम गेलेली ३ मीटरची गल्ली भर दुपारी पूर्ण सावलीत राहते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो आणि त्याच गल्लीत माध्यान्ही सावलीच उरत नाही. उन्हाळ्यात दुपारी लोक गल्लीऐवजी ढाळजेत का बसतात हे तपासायला ब्लेंडरमधलं सूर्याच्या स्थितीचं साधन पुरतं.

जपणूक

मूळ फोटो, टेपच्या मापांचे कागद स्कॅन करून, पॉइंट क्लाउड ई-५७ किंवा एलएझेड स्वरूपात, मेश ओबीजेमध्ये, ऑर्थोफोटो (मापात बसवलेलं सरळ चित्र) जिओटिफमध्ये, घटकांची यादी सीएसव्हीमध्ये असं सगळं ठेवा. सॉफ्टवेअरची स्वतःची प्रोजेक्ट फाइल काही वर्षांनी उघडेलच असं नाही. सोबत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये तारीख, कॅमेरा, निर्देशांक पट्टा, वजा केलेला आकडा, तपासणी पट्टीचं माप आणि रंगांचा अर्थ लिहा. दोन वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावात.

राहत्या घराचं आतलं मॉडेल इंटरनेटवर टाकू नका. बळद कुठे आहे, कुलूप कुठे आहे, रात्री कोण कुठे झोपतं, हे सगळं त्यात दिसतं. देवघर, चेहरे आणि भिंतीवरचे घरातले फोटो टेक्स्चरमधून (मॉडेलवर चढवलेल्या चित्रातून) पुसा. बाहेर द्यायचा असेल तो दर्शनी भाग, गल्ली आणि रंगखुणांसह छेद एवढंच. १:५० चे छापील आराखडे आणि छेद प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक द्या आणि त्यांच्यासमोर वाचून दाखवा; नावं, वाटणीची वर्षं, बुजवलेली दारं यांतल्या दुरुस्त्या त्याच वेळी निघतात. त्या मॉडेलमध्ये घालून नवी तारीख टाका.